दोघींची कामगिरी आणि एकीचे चरित्र

चरित्र लिहावयाचे म्हणजे नायक निवडावा लागतो, हे उघड आहे. परंतु नायक निवडणे आणि नायकाच्या भोवतालची माणसे पुसून टाकणे या दोन क्रिया एक नव्हेत, हा भेद आपल्या चरित्रकारांच्या मनावर अद्याप पुरेसा ठसलेला दिसत नाही. टेकडी उंच दिसावी म्हणून पायथ्याची जमीन खणून खोल करावी, तसा हा प्रकार आहे. आणि चरित्राचा विषय स्त्री असली म्हणजे तर या खोदकामास विशेषच जोर चढतो. 'पहिली' आणि 'एकटी' हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी इतक्या सहजपणे योजू लागलो आहोत, की पहिलीच्या शेजारी, त्याच उंबरठ्यावर, दुसरी कोणी उभी होती की काय, हा प्रश्नच आपणांस सुचत नाही. आम्हांस तो आमच्या एका विद्यार्थिनीने सुचविला. आणि ज्या कृतीच्या निमित्ताने तिने तो सुचविला, त्या कृतीचे परीक्षण करण्याचे या लेखात योजिले आहे.

ती कृती ग्रंथ नसून चित्रपट आहे. वाङ्मयास वाहिलेल्या मासिकाची पाने चित्रपटाच्या चर्चेत कशास खर्ची घालावीत, अशी शंका काही वाचकांस येईल. तीस आमचे उत्तर असे, की एके काळी बखरीने, पोवाड्याने आणि पुढे छापील चरित्राने जे काम केले, ते आज बव्हंशी चित्रपट करीत आहे. आमच्या वर्गात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचलेली मुले बोटांवर मोजण्याइतकी निघतात. हा चित्रपट मात्र जवळजवळ सर्वांनी पाहिलेला निघाला. तरुण मनावर पराक्रमाची प्रतिमा जेथे घडत आहे, तेथे टीकेने जावयास हवे. ती ग्रंथालयातच बसून राहिली, तर तिचा विटाळ टळेल कदाचित, पण तिचे कर्तव्यही टळेल.

चित्रपटाचे नाव 'गुंजन सक्सेना : द कारगिल गर्ल'. शरण शर्मा यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट १२ ऑगस्ट २०२० रोजी नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला. जान्हवी कपूर यांनी त्यात नायिकेची आणि पंकज त्रिपाठी यांनी तिच्या वडिलांची भूमिका केली आहे. विषय काल्पनिक नाही. फ्लाइट लेफ्टनंट गुंजन सक्सेना या भारतीय वायुदलात हेलिकॉप्टर-वैमानिक होत्या आणि १९९९ च्या कारगिल युद्धात त्यांनी प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात उड्डाणे केली, ही सर्वमान्य गोष्ट आहे. सैनिकी परंपरेच्या घरातील ही मुलगी. वडील व भाऊ दोघेही भूदलात. १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी वायुदलाने वैद्यकीय शाखेबाहेरची दारे स्त्रियांस उघडली, आणि त्या दारातून आत गेलेल्या पहिल्या काही तुकड्यांत त्या होत्या. १९९६ साली उधमपूरच्या हेलिकॉप्टर-पथकात त्यांची नेमणूक झाली. तीनच वर्षांत युद्ध उद्भवले.

त्या युद्धाचे भौगोलिक स्वरूप ध्यानी घेतल्यावाचून तेथील वैमानिकाच्या कामाची कल्पना येणार नाही. बुलढाणा हे आमच्या जिल्ह्याचे मुख्य गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर वसलेले आहे. मलकापुराकडून राजूरचा घाट चढून आले की हवा पालटल्याचे प्रवाशास जाणवते, आणि तेवढ्या भांडवलावर आम्ही आमच्या गावास थंड हवेचे ठिकाण म्हणवून घेतो. द्रास, कारगिल, बटालिक या भागातील ज्या कड्यांवर शत्रू येऊन बसला होता, ती ठाणी तेरा हजारांपासून अठरा हजार फुटांपर्यंतच्या उंचीवर होती. २६ मे १९९९ रोजी वायुदलाने 'सफेद सागर' या नावाने आपली मोहीम सुरू केली. २६ जुलैस युद्ध संपले. मोहिमेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच दोन लढाऊ विमाने व एक एम-आय १७ हेलिकॉप्टर गमवावे लागले, यावरून त्या आकाशात जाणे म्हणजे काय होते ते कळावे.

त्या आकाशात 'चीता' नावाचे हलके हेलिकॉप्टर घेऊन जावयाचे, हे गुंजन सक्सेना यांचे काम. हे यंत्र मूळ फ्रेंच बनावटीचे. आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्स कारखान्याने परवान्याने बांधलेले. इंजिन एकच, आणि अंगावर शस्त्र नाही. जसजसे उंच जावे तसतशी हवा विरळ होते. पात्यांना आधार कमी मिळतो, इंजिनाची शक्ती घटते, आणि मग प्रत्येक किलोचा हिशेब करावा लागतो. इंधन किती घ्यावे, दारूगोळा व अन्न किती, परतताना जखमी किती आणता येतील, हा जमाखर्च वैमानिकाने उड्डाणापूर्वी आणि उड्डाणातही मनात मांडावयाचा. पुढच्या ठाण्यांस सामान पोचविणे, शत्रूच्या जागा हेरणे, जखमींस उचलून आणणे, अशा कामांसाठी त्यांनी युद्धकाळात सुमारे चाळीस फेऱ्या केल्या. यंत्र शत्रूच्या मुलखात कोसळले तर जवळ असावी म्हणून एक रायफल व एक रिव्हॉल्व्हर बरोबर असे. तेव्हा त्या पंचविशीच्या आतबाहेरच्या होत्या.

आता चित्रपटाकडे वळू. त्याचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत, कारण ते खरे आहेत. युद्धपट म्हटला की घोषणा, छाती बडविणे आणि झेंड्यांची फडफड यांचा जो वर्षाव होतो, तो येथे बराच आवरलेला आहे. पिता-पुत्रीचे नाते तर मोठ्या संयमाने रंगविले आहे. एका प्रसंगाचा उल्लेख केल्यावाचून आमच्याने राहवत नाही. मुलगी वडिलांस विचारते, की मला देशभक्तीने नव्हे तर केवळ उडण्याच्या ओढीने वायुदलात जावेसे वाटते, तेव्हा ही फसवणूक तर होणार नाही ना? वडील तिला समजावितात, की आपले काम प्रामाणिकपणे करणारा मनुष्य देशाशी द्रोह करूच शकत नाही. सैन्याला घोषणा देणाऱ्यांपेक्षा मन लावून काम करणारे हवे असतात. देशप्रीतीची ही व्याख्या आमच्या कित्येक व्याख्यानमालांतून ऐकू येणाऱ्या व्याख्येहून पुष्कळ शहाणी आहे. कोणत्याही मोठ्या ध्येयाच्या मुळाशी एक लहानशी, खाजगी, निरागस हौस असू शकते, हे मानसशास्त्रीय सत्य चित्रपटाने धीटपणे मांडले, याबद्दल त्याचे अभिनंदन करावयास हवे.

परंतु नायिका उधमपूरच्या तळावर पोचते आणि कथा एकदम उथळ होते. तेथे ती एकटी स्त्री आहे. भोवती सगळे पुरुष, आणि त्यांतले बहुतेक तिच्या विरुद्ध. तिची उड्डाणे क्षुल्लक सबबींवर रद्द होतात. कपडे बदलावयास जागा नाही. वरिष्ठ अधिकारी चारचौघांत तिच्याकडून पंजा लढवून तिच्या दुबळेपणाचे प्रदर्शन करवितो. शेवटी युद्धात ती एक थरारक सुटका करते आणि सर्वांच्या माना खाली जातात. याच ठिकाणी आमच्या विद्यार्थिनीने तो प्रश्न विचारला. ती म्हणाली, "सर, तळावर तिच्यासोबत दुसरी कोणीच नव्हती का? मग ती मनातलं बोलत कोणाशी असेल?"

प्रश्न साधा होता, आणि त्याचे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. शोध घेता असे आढळले, की दुसरी होती. तिचे नाव फ्लाइट लेफ्टनंट श्रीविद्या राजन. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर काही दिवसांतच त्यांनी आपले निवेदन प्रसिद्ध केले होते. दोघींनी एकत्र शिक्षण घेतले, आणि १९९६ साली दोघींची नेमणूक उधमपूरच्या त्याच पथकात झाली. कारगिलच्या वेळी पथकातील वैमानिकांबरोबर श्रीनगरला प्रथम श्रीविद्या राजन गेल्या. त्यांनी उड्डाणे सुरू केल्यानंतर काही दिवसांनी पुढच्या तुकडीबरोबर गुंजन सक्सेना आल्या. पंजा लढविण्यासारखा प्रसंग घडला नाही, क्षुल्लक कारणांवरून उड्डाणे रद्द झाली नाहीत, आणि शेवटची ती थरारक सुटकाही घडली नाही, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. वायुदलाने आपल्या चित्रणाबद्दल चित्रपट-परिनिरीक्षण मंडळाकडे लेखी हरकत नोंदविली. पुढे केंद्र शासन दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने प्रदर्शन थांबविले नाही. गुंजन सक्सेना यांनीही, संस्था म्हणून वायुदलाने आपणांस संधी दिली, आणि चित्रपट हा काही माहितीपट नव्हे, अशी भूमिका घेतली.

येथे एक सावधगिरी हवी. या वादाचा आधार घेऊन, 'पाहा, स्त्रियांस कसलाच त्रास झाला नव्हता, हा सगळा कांगावा आहे,' असे म्हणणारे लोक लगोलग पुढे सरसावतात. त्यांच्या पंक्तीस बसण्याची आमची इच्छा नाही. श्रीविद्या राजन यांनीच लिहिले आहे, की काही सहकाऱ्यांच्या मनात पूर्वग्रह होते; आपल्याकडे अधिक बारकाईने पाहिले जाई; बरोबरीने गणले जाण्यासाठी अधिक कष्ट करावे लागत. स्वतंत्र न्हाणीघर वा कपडे बदलण्याची खोली आरंभी नव्हती, हेही त्यांनी मान्य केले आहे. मात्र प्रारंभीच्या अडचणीनंतर असलेली अपुरी जागा सहकाऱ्यांबरोबर वाटून घेतली आणि त्यांनी सांभाळून घेतले, असेही त्या सांगतात. म्हणजे अडचण खरी, पूर्वग्रह खरा, आणि त्यातून निघालेली वाटही खरी. चित्रपटाने यांतील पहिल्या दोन गोष्टी फुगवून घेतल्या आणि तिसरी टाकून दिली. ज्या तळावर संस्थेचा सराव पुरुषांचा, दोन मुली नवख्या, सहकारी अर्धे साशंक आणि अर्धे साहाय्यकारी, आणि कोण कोणत्या अर्ध्यात आहे हे रोज नव्याने ओळखावे लागते, त्या तळाचे चित्र किती सूक्ष्म झाले असते!

यावर कलावंताचा कैवारी म्हणेल, की तुम्ही कलाकृतीस इतिहासाच्या तराजूत घालता हेच चूक आहे. आपला पक्ष बळकट करण्यास त्यास आमच्याच ग्रंथालयातून आधार मिळतील. ॲरिस्टॉटलने काव्यास इतिहासाहून अधिक तत्त्वगामी म्हटले आहे. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात कवीला स्पष्ट मोकळीक दिली आहे, की मूळ इतिवृत्तात रसाला प्रतिकूल असे काही असेल तर ते मोडून रसानुकूल दुसरी कथा कल्पावी. कुंतकाने तर दुर्वासाच्या शापाच्या कल्पनेबद्दल कालिदासाची वाखाणणी केली आहे. तो शाप महाभारतात नाही. मग शरण शर्मांनी एक पात्र गाळले तर एवढा गहजब कशास?

हा पूर्वपक्ष आम्ही आनंदाने स्वीकारतो, आणि त्याच्याच साक्षीदारास उलट प्रश्न विचारतो. कालिदासाने मूळ कथेत काय बदलले? महाभारतातील शकुंतला आश्रमात एकटी आहे. कण्व फळे आणावयास गेले असता ती एकटीच राजाचे स्वागत करते, आपली जन्मकथा स्वतः सांगते, विवाहाची अट स्वतः घालते, आणि पुढे राजसभेत एकटीच भांडते. अनसूया आणि प्रियंवदा तेथे नाहीत. त्या कालिदासाने निर्माण केल्या. का केल्या? कारण तरुण मुलीचे मन उलगडावयाचे तर तिच्याशेजारी तिच्या बरोबरीची, तिच्या वयाची, तिची थट्टा करणारी, तिच्यासाठी घाबरणारी दुसरी कोणी हवी, हे त्या महाकवीस कळले होते. चौथ्या अंकातील वियोग पित्याचा जितका आहे तितकाच सखींचाही आहे. मूळ इतिवृत्तात जी सखी नव्हती ती कवीने घडविली. आणि येथे मूळ इतिवृत्तात जी सखी होती ती चित्रपटकाराने खोडून काढली! आनंदवर्धनाची मोकळीक रसाच्या वाढीसाठी आहे, रसाच्या हानीसाठी नव्हे. तेव्हा आमचा आक्षेप प्रथमतः इतिहासाच्या बाजूने नसून कलेच्याच बाजूने आहे.

ही हानी किती खोल गेली आहे ते पाहावे. नायिकेस एकटी केल्यामुळे तळावर तिला समान भूमिकेवरून बोलणारे कोणी उरले नाही. परिणामी तिच्या आयुष्यातील प्रत्येक मान्यता तिला पुरुषाकडून मिळते. उडण्याची परवानगी वडील देतात, शिक्षण वरिष्ठ अधिकारी देतो, अखेरची शाबासकी तेच सहकारी देतात ज्यांनी तिचा उपमर्द केला. स्त्रीच्या स्वातंत्र्याची म्हणून सांगितलेली ही कथा वस्तुतः पुरुषांच्या अनुज्ञेची कथा होऊन बसते. आपल्यासारखीच दुसरी आहे, तिलाही काल उतरताना हात थरथरल्यासारखे झाले, तीही आज पुन्हा गेली, या जाणिवेतून जे बळ येते त्याचा मागमूसही चित्रपटात नाही. आमच्या विद्यार्थिनीने चुकून विचारला असे वाटणारा प्रश्न कथेच्या नेमक्या मर्मावर बोट ठेवणारा होता.

दुसरी हानी कामाच्या चित्रणात झाली आहे. चाळीस फेऱ्यांची कामगिरी चित्रपटात एका थरारक सुटकेत आटोपते. युद्धसेवेचा खरा कस अशा एका क्षणात लागत नाही, असे आम्हांस वाटते. काल गेलो त्याच दरीत आज पुन्हा जावयाचे, उद्या पुन्हा, आणि दर वेळी तोच हिशेब तितक्याच बारकाईने मांडावयाचा, यात तो लागतो. पहिल्या फेरीस कुतूहल साह्य करते. अकराव्या फेरीस फक्त शिस्त साह्य करते. चित्रपटाचा बाप जो धडा मुलीस देतो, की काम मन लावून करणे हीच देशभक्ती, त्याचे प्रत्यक्ष उदाहरण या कंटाळवाण्या, धोकादायक पुनरावृत्तीत होते. चित्रपटाने आपलाच उत्कृष्ट विचार शेवटी सोडून दिला आणि टाळ्यांच्या वाक्याकडे धाव घेतली.

आणि आता इतिहासाच्या बाजूचा आक्षेप. शकुंतलेच्या सखी होत्या की नव्हत्या, याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु जी कृती हयात व्यक्तीचे खरे नाव धारण करते, खऱ्या पथकाचे, खऱ्या युद्धाचे नाव सांगते, तिने एका नावाचा लाभ घ्यावा आणि दुसऱ्या नावाच्या बाबतीत कल्पनेचा हक्क सांगावा, हा दुहेरी व्यवहार झाला. काल्पनिक नाव घेतले असते तर आम्ही हा मुद्दा काढलाच नसता. यात दोष गुंजन सक्सेना यांचा नाही. त्यांची कामगिरी या खोडरबराची मोताद नव्हती. दोन होत्या असे सांगितल्याने त्यांच्या चाळीस फेऱ्यांतील एकही कमी होत नाही.

मराठी वाचकाने मात्र केवळ हिंदी चित्रपटावर ताशेरे झोडून समाधान मानू नये. हा आमचाही जुना रोग आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण घ्या. परदेशी जाऊन १८८६ साली वैद्यकाची पदवी घेणारी ही मराठी मुलगी आमच्या पाठ्यपुस्तकांतून नेहमी एकाकी दिसते. परंतु १८८५ साली फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात काढलेले तिचे जे छायाचित्र उपलब्ध आहे, त्यात तिच्याशेजारी जपानची केइको ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबूली अशा दोघी, आपापल्या देशाचा पोशाख करून, बसलेल्या आहेत. तीन देशांतून आलेल्या तीन मुली एका परक्या शहरात एकच विद्या शिकत होत्या. या दोघींची नावे आमच्या किती विद्यार्थ्यांस ठाऊक असतील? पदवीदानास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या, आणि पुढे आनंदीबाईंचे चरित्र लिहिले ते काशीबाई कानिटकर यांनी. म्हणजे त्या एकाकी म्हटल्या जाणाऱ्या आयुष्याच्या अवतीभोवती स्त्रियांचे केवढे मंडळ होते!

उलट, जेथे लेखकाने पाहिले तेच लिहिले, तेथे युद्धातील स्त्री कशी जिवंत उभी राहते याचा नमुनाही मराठीतच आहे. विष्णुभट गोडसे हे कोकणातील वरसईचे गरीब भिक्षुक. द्रव्यार्जनास उत्तरेकडे गेले आणि सत्तावन्नच्या वणव्यात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. त्यातील झाशीच्या राणीची जी आठवण आम्हांस कधी विसरत नाही, ती कोणत्याही लढाईची नाही. पराभवानंतर काल्पीच्या वाटेवर धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ झालेली राणी विहिरीपाशी येते. भटजी पाणी काढून देऊ पाहतात, तर ती त्यांस थांबवून आपल्या हातांनी काढून घेते. राजवैभव गेलेले, पण दुसऱ्यास श्रम न देण्याची रीत गेलेली नाही. एका भिक्षुकाच्या नजरेने टिपलेला हा तपशील शंभर पोवाड्यांस भारी आहे. तिला उंच करण्यासाठी त्याने कोणास पुसले नाही.

आमच्या जिल्ह्यात तर या प्रश्नास विशेष अर्थ आहे. सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवांच्या वाड्यात १५९८ साली जिजाबाईंचा जन्म झाला, आणि दर वर्षी १२ जानेवारीस तेथे लोटणाऱ्या जनसागरात आमच्या मुलीही असतात. जिजाऊंची जी मूर्ती त्या मनात घेऊन येतात ती पुत्रास घडविणाऱ्या मातेची असते, आणि ती योग्यच आहे. परंतु १६६६ साली शिवाजीराजे आग्र्यास गेले तेव्हा मागे राज्याचा भार त्यांच्यावर होता, हे त्यांतील किती जणींस सांगितलेले असते? मूर्ती पुजावी, पण मूर्तीने कामास झाकू नये. उत्सवाच्या दिवशी मुली वंदन करून परततात. काय केले, कोणाच्या साहाय्याने केले, हे विचारण्याची सवय त्यांस लागत नाही.

एकीऐवजी अनेकींकडून युद्ध सांगवून घेतले तर काय होते, हे पाहावयाचे असल्यास स्वेत्लाना अलेक्सिएविच यांचा १९८५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ पाहावा. युद्धाला स्त्रीचा चेहरा नसतो, अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या शेकडो सोव्हिएत स्त्रियांस भेटून त्यांनी त्यांच्या आठवणी टिपल्या; त्यांत वैमानिक आहेत, तशाच परिचारिका, स्वयंपाकिणी आणि धुणे धुणाऱ्याही आहेत. त्या युद्धात मरीना रास्कोवा यांच्या पुढाकाराने स्त्रियांची तीन विमानपथके उभी राहिली. त्यांतील रात्री बाँब टाकणाऱ्या पथकाचे 'पो-२' हे लाकूड व कापडाचे साधे विमान दोन आसनांचे होते. एक चालविणारी, एक वाट दाखविणारी. दुसरीस वगळून पहिलीची गोष्ट सांगणे तेथे शक्यच नव्हते. अलेक्सिएविच यांच्या ग्रंथात नायिका नाही, आणि तरीही वाचकास एकही स्त्री लहान वाटत नाही.

इतके लिहिल्यावर स्वतःविषयी लिहिणे प्राप्त आहे, नाही तर हा सारा परोपदेश ठरेल. सुमारे अठरा वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील एका मुलीची एन.सी.सी.च्या मोठ्या शिबिरासाठी निवड झाली. मोताळा तालुक्यातील खेड्यातून ती रोज एस.टी.ने घाट चढून येई. वार्षिक अंकाचे संपादन आमच्याकडे होते; आम्ही मोठ्या उत्साहाने तिच्यावर गौरवलेख लिहिला आणि त्यात तिच्या 'एकाकी झुंजी'चे वर्णन केले. अंक निघाल्यावर ती मुलगी प्राध्यापक-कक्षात आली, आभार मानले, आणि जाता जाता संकोचाने म्हणाली, "सर, मी एकटी कुठे होते? आम्ही दोघी यायचो. तिनं पहाटे हाक मारली नसती तर माझी गाडी रोजच चुकली असती." ती दुसरी आमच्याच वर्गात होती. तिची निवड झाली नव्हती, एवढेच. आम्ही 'पुढच्या अंकात दुरुस्ती करू' असे म्हणालो. पुढच्या अंकाच्या वेळी दुसरी कामे निघाली. ती दुरुस्ती आजतागायत छापली गेली नाही.

म्हणून या चित्रपटाच्या कर्त्यांस दोष देताना आमचा स्वर आम्हीच खाली आणतो. त्यांनी केले ते दुष्टपणाने केले असे आम्हांस वाटत नाही; आम्हीही दुष्टपणाने केले नव्हते. एकट्या माणसाची गोष्ट लिहावयास सोपी आणि ऐकावयास गोड असते, एवढेच त्याचे कारण. परंतु त्या गोडीची किंमत जी पडते ती वाचणाऱ्या मुलीवर पडते. एकटीनेच लढावे लागते, असे तिला दहा कथांनी सांगितले, की लढण्यास निघताना ती शेजारणीस हाक मारीत नाही. आणि शेजारचीला वाटते, की निवड तिची झाली, तेव्हा गोष्टही तिचीच.

काळ थांबलेला नाही. गुंजन सक्सेना यांच्या वेळी स्त्री-वैमानिकांस अल्पमुदतीचीच नेमणूक असे, आणि २००४ साली त्यांची सेवा संपली. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने वायुदलातील स्त्रियांच्या कायम नेमणुकीच्या बाजूने निर्णय दिला. २०१६ च्या जूनमध्ये लढाऊ विमानांच्या शाखेत प्रथमच स्त्रिया दाखल झाल्या, आणि त्याही तिघी एकदम : अवनी चतुर्वेदी, भावना कांत व मोहना सिंह. २०२० साली आमच्या विदर्भातील, नागपूरच्या अंतरा मेहता या शाखेत गेल्या, तेव्हा वृत्तपत्रांनी 'महाराष्ट्रातील पहिली' असा मथळा दिला. मथळ्यास आमची हरकत नाही. मथळ्याखालच्या मजकुरात बरोबरच्यांची नावे असावीत, एवढीच आमची मागणी आहे.

उद्या कोणी मराठी लेखक वा लेखिका या विषयाकडे वळेल, आणि वळावे अशी आमची इच्छा आहे. सैन्यात गेलेल्या मुली आता आमच्या जिल्ह्यातील गावांतूनही आढळतात. त्यांच्याकडे जाऊन त्यांस प्रथम 'तुम्ही काय पराक्रम केला?' असे विचारू नये. 'तुमच्याबरोबर कोण कोण होते?' असे विचारावे, आणि जी नावे निघतील ती सर्व लिहून घ्यावीत. गोडसे भटजींनी याहून अधिक काही केले नव्हते. राहता राहिली आमची दुरुस्ती. ती मुलगी आता कोठे असते, आणि तिला पहाटे हाक मारणारी कोठे असते, याची आम्ही चौकशी सुरू केली आहे. यंदाच्या वार्षिक अंकात दोघींची नावे छापून येतील.